इंदुबाई आत आहे

शुक्रवार, ३ जानेवारी

आणि वर मलाच सांगतात, बाई, तोंड नीट धरा! तोंड काय आरतीचं ताट आहे नीट धरायला? सकाळपासून खात्याच्या, म्हणजे साड्यांच्या कारखान्याच्या, गेटावर त्या हजेरीच्या मशीनसमोर उभी केली मला. हिरवा चौकोन तोंडावर येतो, थरथरतो, लाल होतो. एन्ट्री सेव्ह झाली नाही. पुन्हा करा. पुन्हा केलं. सेव्ह झाली नाही. मागं बायांची रांग. त्यातली पल्लवी नावाची एक फटकळ पोरगी म्हणते, मावशी, पावडर लावून या, नवरदेव पसंत करत नाही तुम्हाला. सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, मला दोन नवरदेवांनी पसंत केलं, तुझा एक तरी ठरलाय का?

बाकी दिवस चांगला गेला. आनंदच लिहायचा होता, पण मशीननं टाळकं फिरवलं.

ही वही मयुरीनं, माझ्या लेकीनं दिलीय. म्हणाली, आई, तू फोनवर भडाभडा भांडतेस, आता नवीन गावात कोणाशी भांडशील, वहीत लिही. चौथी शिकलेली बाई मी, किराण्याच्या चिठ्ठीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण लिहिते. मयुरीला सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण आईकडे, म्हणजे माझ्याकडे, सुरतेला. त्यासाठी घर लागतं, आणि घर आता आहे. मागच्या महिन्यात बळीरामशी माझा पाट लागला. मी विधवा, तो विधुर, दोघं अंमळनेरकडचे. भेस्तानला खोली आहे, स्वयंपाकघर वेगळं, नळ घरात. आज सकाळी त्यानं लोचो आणला, वर शेव कांदा घालून. माणूस भित्रा आहे पण चांगला.

त्याची पहिली, इंदुबाई, ह्याच उधन्याच्या खात्यात होती. साड्यांवरच्या भरतकामाचे मागचे धागे कापायचे. कामावरच छातीत कळ आली नि गेली, दोन वर्षांपूर्वी. पाटाच्या वेळी माझ्या नणंदेनं तिचा टाक माझ्या गळ्यात घातला. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात. आमच्याकडे दुसरेपणाची बाई पहिलीचा टाक घालते, नवी साडी आधी त्याला लावते, मग नेसते. मी असल्याला हसते. पण घातला. मेलेल्या बाईशी कसलं वैर.

शनिवार, ४ जानेवारी

आज ऑफिसातल्या नूतनबेनसमोर बसले. हजेरीचं सगळं तीच बघते. मशीनवाल्या कंपनीचा प्रशांत म्हणून माणूस आहे, पुण्याला बसतो, तो फोनवर एकेक सांगत होता. मराठी बोलतो, बरं वाटलं. नंबर बदलून बघा. बदलला. सेव्ह नाही. ॲप काढून परत टाका. टाकलं. सेव्ह नाही. माझा चष्मा काढायला लावला. चष्म्याशिवाय मला धागा दिसत नाही, माणूस काय दिसणार. तरी काढला. नाही.

मग त्यानं मशीन का अडतंय ते उघडून वाचलं. त्यात लिहिलं होतं, एका वेळी एकच चेहरा समोर ठेवा.

मी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. भिंतीवर अंबामातेचं कॅलेंडर होतं, नूतनबेननं पाया पडून ते उतरवलं. परत केलं. एका वेळी एकच चेहरा समोर ठेवा. नुसती पांढरी भिंत आणि मी. पल्लवी दारातून म्हणाली, मावशी जाडजूड आहेत, मशीन दोन बाया धरतंय. मी हसले. सगळेच हसले. प्रशांत फोनवर हसला नाही. म्हणाला, विचित्र आहे, सोमवारी बघू.

सोमवार, ६ जानेवारी

झाली एकदाची एन्ट्री. पण आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण अंगावरचा काटा अजून बसलेला नाही.

प्रशांत म्हणाला, गळ्यात चकचकीत काही असेल तर काढा, उजेड फिरतो. मंगळसूत्र काढणार नाही म्हटलं. टाक काढला. नूतनबेनच्या टेबलाच्या खणात ठेवला. चौकोन आला, थरथरला नाही, तिथंच हिरवा झाला. एकच चेहरा. मी म्हटलं, सुटले.

तर खाली नवीनच ओळ आली. ही बाई आधीच आत आहे. इंदुबाई बळीराम.

नूतनबेनच्या हातातला पेन खाली पडला. प्रशांतला काय माहीत, तो वाचत गेला. नवीन नाव घालता येत नाही कारण ह्या चेहऱ्याची बाई आत आलेली आहे आणि बाहेर गेलेली नाही. आत आल्याची नोंद दोन वर्षांपूर्वीची. बाहेरची नोंदच नाही. आत आहे, हजेरी चालू आहे. मी म्हटलं, अहो, ती काळी सुकी होती, फोटो बघितलाय मी, मी गोरी आडवी. माझं तोंड तिचं कसं होईल? तो म्हणाला, मशीनला कधी कधी चूक होते.

मग नूतनबेन हळू आवाजात म्हणाली, त्या दिवशी इंदुबाई तिसऱ्या मजल्यावर पडली. गेटावर पाळी बदलायची गर्दी, बोभाटा नको, म्हणून शेठनं तिला मागच्या माल चढवायच्या लिफ्टनं खाली उतरवून मागच्या मागं दवाखान्यात नेली. ती परत गेटातून गेलीच नाही. गेटाच्या हिशेबी ती अजून वरच आहे.

प्रशांतला मात्र आनंद झाला. म्हणाला, मग सोपं आहे, आधी तिचं आऊट करू, मग तुमचं नवीन नाव बसेल. ऑफिसातून आऊट लिहिता येत नाही, खोट्या हजेऱ्या नकोत म्हणून शेठनं ते बंद केलंय. आऊट चेहऱ्यानंच होतं. आणि तुमचा चेहरा मशीन तिचा समजतंय, तर तुम्हीच करा. नूतनबेन म्हणाली, आज नको, पहले बळीरामभाईला विचारू. मला धीर कुठला. तीन दिवस तमाशा झालेला. म्हटलं, मेलेल्या बाईची एक नोंद, त्यात विचारायचं काय, आटपा. गेले गेटावर, तोंड धरलं, आऊट दाबलं.

मशीन बोललं, इंदुबाई, आऊट.

लोखंडी दांडा उघडला. माणूस ढकलून जातं, मग तो खाड्कन मिटतो. मी जाग्यावर उभी. दांडा उघडाच राहिला, एक बाई सावकाश चालत बाहेर पडायला जेवढा लागतो तेवढा वेळ. मग मिटला. वाल्मिक वॉचमन तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा तळव्यावर तसाच थांबला. केसाला लावायच्या आवळ्याच्या तेलाचा वास आला. मी आवळ्याचं तेल लावत नाही.

त्यानंतर माझी एन्ट्री पहिल्या झटक्यात सेव्ह झाली. मालतीबाई बळीराम, आत. पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. शेठनं पेढे मागवले. नादात टाक खणातच राहिला.

मंगळवार, ७ जानेवारी

संध्याकाळी दोघं मोपेडवरून घरी आलो, कुलूप काढलं, तर गॅसवर वरण तयार. गरम. वर लसणाची फोडणी.

मला वाटलं बळीरामनं दुपारी येऊन केलं. त्याला वाटलं मी सकाळी करून गेले. जेवताना त्याचे डोळे भरले. म्हणाला, अगदी तस्सं झालंय. कसं, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, हो, मीच केलं. का म्हटलं मला कळत नाही. मिठाची बरणी डाव्या हाताला गेलीय. मी उजवीकडे ठेवते.

टाक आणायचं आज परत राहिलं.

बुधवार, ८ जानेवारी

सुटताना आऊट होईना. सेव्ह झाली नाही. सेव्ह झाली नाही. आत जाताना नीट घेतं नि बाहेर पडताना नाही, ही कसली रीत? शेवटी वाल्मिकनं हातानं दांडा उचलला, म्हणाला, जा मावशी, ह्या मशीनला तुमचा लळा लागलाय.

घरी शेजारच्या सुभद्राबाईनं फुगून तोंड फिरवलं. विचारलं तर म्हणाली, दुपारी धुणं घालताना तुला तीनदा हाक मारली, तू बघितलंसुद्धा नाहीस, एवढा कसला ताठा? मी म्हटलं, दुपारी मी उधन्याला. ती म्हणाली, मग तुझी हिरवी साडी नेसून गच्चीवर कोण होती?

हिरवी साडी दोरीवर वाळत होती.

सुभद्राबाई आमच्याकडचीच, धुळ्याची. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं आणि आधी तेच विचारलं, टाक कुठं आहे. सांगितलं. ती खालीच बसली. म्हणाली, अगं माय, टाक दागिना नव्हे. गेलेल्या बाईला आपल्या गळ्याशी जागा दिलेली असते, म्हणजे ती दुसरी जागा शोधत नाही. तू तिची जागाही काढलीस आणि दारही उघडलंस? मी तिच्यावर खेकसले. उद्या आणते म्हटलं.

गुरुवार, ९ जानेवारी

खण रिकामा.

नूतनबेन आईची शपथ घेऊन सांगते, तुम्हीच काल दुपारी येऊन घेऊन गेलात, गोड हसलात, केसांना तेल चोपडलं होतं. मी काल दुपारी तिसऱ्या मजल्यावर धागे कापत होते, पल्लवी शेजारी होती. पल्लवीला विचारलं. पल्लवी म्हणाली, मावशी, तुम्ही जेवायच्या सुट्टीनंतर होतात का? मला आठवत नाही. चेष्टा करत नव्हती.

प्रशांतनं उघडून बघितलं, माझं आऊट का बसत नाही. म्हणाला, बसत नाही कारण ते झालेलं आहे. एकदा आत झालं की आऊट एकदाच होतं. रोज दुपारी तुमचा आऊट लागतोय. तुम्ही दुपारीच घरी जाता ना?

मयुरीला फोन केला. ती म्हणाली, आई, पुन्हा? कालच तर तासभर बोललो. संक्रांतीची सुट्टी सरली की येते, शनिवारी, अठराला, तिकीट झालं, तू उधना स्टेशनावर ये. मग हसून म्हणाली, काल किती गोड बोललीस गं, एकदाही चिडली नाहीस.

मी ओरडले, माझा फोन आला तर उचलू नकोस, कोणाशी बोलू नकोस, येऊ नकोस. ती म्हणाली, ही बघ, आज परत माझी जुनी आई.

शुक्रवार, १० जानेवारी

बळीरामला सगळं सांगितलं. तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, टाक हरवला ना, त्याचंच हे सगळं मनात आलंय तुझ्या, मी सोनाराकडे दुसरा करायला टाकतो. मी म्हटलं, घरात दुपारी कोण असतं ते बघ आधी. तो बघेना माझ्याकडे. मला वाटतं त्याला माहीत आहे. मला वाटतं वरण त्याला आवडतंय.

प्रशांतला म्हटलं, माझं नाव काढूनच टाका, नको मला काम. तो म्हणाला, नाव काढता येत नाही, बाई आत असली की मशीन काढू देत नाही. मग इंदुबाईला परत आत घाला म्हटलं. त्यानं प्रयत्न केला, मी फोनवर ऐकत होते, खट खट खट. सेव्ह झाली नाही. समोर चेहरा लागतो, मावशी. तिचा चेहरा आणा.

शनिवार, ११ जानेवारी

दुपारी काम टाकून गेटाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, येऊ दे, झिंज्या धरते.

कोणी आलं नाही. ऊन लख्ख, अंगण मोकळं, टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढत होते. मशीनवर आपोआप चौकोन उगवला. रिकाम्या जागेवर. हिरवा झाला. मालतीबाई, आऊट. मी इथं उभी! दांडा उघडला, आवळ्याचं तेल, मी मागोमाग घुसले — दांडा पोटावर आदळला. एकाला एकच. कानाशी कोणी हळूच बोललं, आमच्याच बोलीत. मी जास, बैन. तू बठ. मी जाते म्हणे, तू बस.

संध्याकाळी वाल्मिकला हाका मारून घसा बसला. फार वेळानं त्यानं बघितलं. विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला? मी म्हटलं, अरे, मी मालतीबाई. तो म्हणाला, मालतीबाई गेल्या की दुपारी. तरी दांडा उचलला. उचलताना माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला बघत होता.

घरी पाय टाकवत नव्हता. ताट एकच वाढलेलं होतं, त्याचं.

सोमवार, १३ जानेवारी

यायला नको होतं. बळीरामनं आणून सोडलं, उतर म्हणाला. मी उतरले. गाडी वळवताना तो म्हणाला, संध्याकाळी घ्यायला येतो, आणि माझ्या मागं कोणाला तरी बघून म्हणाला.

संध्याकाळ. सगळ्या बाया गेल्या. वाल्मिकला मी दिसत नाही. ऐकूही जात नाही. दांड्यावर डोकं आपटलं. फोन गेटावरच्या पेटीत ठेवायचा नियम, माझा कप्पा रिकामा.

तिसऱ्या मजल्यावर धावले, खिडकी. खाली बळीराम. मागं ती बसली. हिरवी साडी. काळी, सुकी. वाल्मिक तिला म्हणत होता, या मालतीबाई. त्यांना माझंच तोंड दिसतं. तिनं बळीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर, बरोबर ह्या खिडकीकडे —

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. खातं बंद. आभाळभर पतंग. गच्च्यांवरून काप्यो काप्यो ओरडतात. मीही ओरडते. एक कापलेला पतंग खिडकीच्या जाळीला अडकलाय, फडफडतो.

कालपासून पोटात काही नाही. भूक लागत नाही. ह्याचीच सगळ्यात भीती वाटते.

बुधवार, १५ जानेवारी

गठ्ठ्यांच्या मागं एक जागा सापडली. साड्या दबून खोलगट झाल्यात, बसल्यासारखं. वरच्या काचेवरची धूळ एवढ्याच भागात पुसलेली. इथून गेट दिसतं. दोन वर्षं इथं बसली ती. रोज ह्या काचेतून त्याला घ्यायला येताना — नाही, तो घ्यायला यायचाच नाही. कोणीच येत नव्हतं.

बसून बघितलं. जागा मला बरोबर बसली. मी, तिच्या दुप्पट. तरी बरोबर.

उठले लगेच. उठायला जोर लागला.

गुरुवार, १६ जानेवारी

खातं उघडलं. ती कामाला आली. माझ्या जागेवर, माझी कात्री. पल्लवी तिला म्हणाली, मावशी, आता कशा गोड झालात हो, पाटाचं पाणी लागलं म्हणायचं. ती हसली. तिला धागा चष्म्याशिवाय दिसतो.

गळ्यात नवा टाक. बळीरामनं आणलेला. मी जवळ जाऊन बघितलं, अगदी तोंडाशी. चांदीवरची बाई जाड, आडव्या अंगाची आहे. आणि तिला चष्मा आहे. टाकावर कधी चष्मा —

पण ऐका. ऐका. तिचं आत होईना! सकाळी गेटावर मशीन अडलं. एका वेळी एकच चेहरा समोर ठेवा. मी नाचले. वाल्मिकनं तिला हातानं आत घेतलं. नूतनबेननं प्रशांतला फोन लावला. तो म्हणाला, परत तोच प्रॉब्लेम, मी कायमचा सोडवतो, गळ्यातले बारीक चेहरे मशीन मोजणारच नाही असं करतो, शुक्रवारी रात्रीपर्यंत होईल.

नका करू! प्रशांतभाऊ, नका करू. मग तिला टाक कोणी काढायला लावणार नाही. ही वही मी नूतनबेनच्या खणात ठेवते, तिथं टाक राहिला तशी वही तरी राहील. नूतनबेन, हे वाचा आणि त्याला फोनवर वाचून दाखवा. मला सांगितलं तसंच तिला सांगा. चकचकीत काढा म्हणावं, उजेड फिरतो. टाक काढायला लावा. मशीन म्हणेल, ही बाई आधीच आत आहे, मालतीबाई. म्हणेलच. मग तिच्याच तोंडानं आऊट दाबायला लावा. दांडा मिटायची घाई करू नका. मी जाड आहे, मला वेळ लागतो.

उद्या शुक्रवार. उद्या खातं सुटायच्या आत मला उत्तर पाहिजे. बघतो, सांगतो, चालणार नाही. हो की नाही. शनिवारी सकाळी माझी पोर पोट सांभाळत उधन्याला उतरेल, आणि फलाटावर तिची पिशवी घ्यायला जो हात पुढं येईल तो —